वडाळ्याच्या चिखलातली वहाण

स्मरणिका समितीने माझ्याकडे लेख मागितला तो विषय ठरवूनच : ‘स्वातंत्र्यलढ्यातील स्त्रियांचे योगदान’. दोन पानं हवीत, ध्वजवंदनाच्या आधी द्या, असं सेक्रेटरी म्हणाले. चौतीस वर्षं शाळेत इतिहास शिकवल्यामुळे हा निबंध मी झोपेतही लिहू शकते. झाशीची राणी, कस्तुरबा, सरोजिनी नायडू, अरुणा असफ अली. प्रत्येकीला चार ओळी आणि शेवटी ‘विनम्र अभिवादन’. नववी-दहावीच्या किती तुकड्यांकडून मी तो असाच लिहून घेतला, आणि पाचपैकी साडेतीन गुण देऊन मोकळी झाले.

या वेळी तसं लिहवेना. त्याला कारण आपली गच्ची.

१९९९ मध्ये सोसायटीची नोंदणी झाली, त्या सुमारास राहायला आलेल्या सभासदांना आठवत असेल, संध्याकाळी गच्चीवर गेलं की पूर्वेला पांढरे चौकोन चमकायचे. एप्रिल-मे महिन्यात कडेला मिठाचे ढीग लागलेले असायचे. आमचे हे पहिल्यांदा गच्चीवर उभे राहिले तेव्हा म्हणाले, “आत्याची वहाण इथंच कुठं तरी असणार.” मी हसले. आता त्या बाजूला मोनोरेलचे खांब आहेत, टॉवर आहेत, आणि मिठागर कुठे होतं हे नातवाला बोटाने दाखवायचं म्हटलं तर मलाच नीट दाखवता येत नाही.

तर ती वहाण. यांच्या सख्ख्या आत्या, आम्ही सगळे त्यांना आत्याबाई म्हणायचो, गिरगावात चाळीत राहायच्या. मी लग्न होऊन त्या घरात आले १९७७ साली, तेव्हा त्यांची पासष्टी झाली होती. वडाळ्याचं नाव निघालं की त्या न चुकता एकच वाक्य बोलत. “वडाळ्याच्या चिखलात माझी एक वहाण राहिलीय हो.” सगळे हसायचे, त्याही हसायच्या, आणि विषय संपायचा. १९८८ मध्ये आत्याबाई गेल्या. अकरा वर्षं मी त्यांच्या शेजारी राहत होते आणि रोज शाळेत इतिहास शिकवत होते. ती वहाण तिथे कशी राहिली, हे मी त्यांना कधी धड विचारलं नाही.

जे मला पुस्तकांतून पुढे कळलं, ते आधी सांगते.

१९३० सालचा मिठाचा सत्याग्रह आपण दांडीपुरता लक्षात ठेवतो. १२ मार्चला गांधीजी साबरमतीहून निघाले, ५ एप्रिलला दांडीला पोहोचले आणि ६ एप्रिलला त्यांनी मीठ उचललं. त्या निघालेल्या तुकडीत एकही बाई नव्हती. बायकांना पुढे केलं तर सरकार लाठी चालवायला कचरेल आणि मग तो आपला भित्रेपणा ठरेल, असं गांधीजींचं म्हणणं होतं. हे ज्यांना पटलं नाही त्यांत कमलादेवी चट्टोपाध्याय होत्या. मूळच्या मंगळूरच्या, वय सत्तावीस. त्यांनी वाटेत गांधीजींना गाठून बायकांना यात घ्याच म्हणून गळ घातली. १० एप्रिलच्या ‘यंग इंडिया’त गांधीजींनी हिंदुस्थानातल्या स्त्रियांना उद्देशून लेख लिहिला आणि दारूची दुकानं व परदेशी कापड यांविरुद्धचं काम त्यांच्याकडे सोपवलं. पण तारीख बघा. ६ एप्रिललाच मुंबईत चौपाटीवर कमलादेवी आणि अवंतिकाबाई गोखले यांनी कायदा मोडून झाला होता. चूल पेटवायची, भांड्यात समुद्राचं पाणी आटवायचं आणि तळाशी उरलेलं मीठ खरवडून घ्यायचं. परवानगी मिळेपर्यंत थांबायला कुणाला सवड होती?

कायदा मोडायला मीठच का निवडलं, यावर मी वर्गात तासभर बोलायचे. मिठावरचा कर, सरकारची मक्तेदारी, गरिबाच्या ताटापर्यंत पोहोचणारा अन्याय वगैरे. खरी गोष्ट मात्र माझ्या डोक्यात फार उशिरा शिरली. मीठ हा स्वयंपाकघरातला जिन्नस आहे. तो आटवायला बंदूक नको, भाषण नको, इंग्रजी नको. पातेलं, चूल आणि धीर एवढ्यावर काम होतं, आणि पहिल्या दोन वस्तू तर घरातल्या बाईच्याच ताब्यात. मुंबईत काँग्रेस हाउसच्या गच्चीवर मिठाची वाफे लावले होते, पोलीस धाड घालून ते मोडायचे. कमलादेवींनी तर या बेकायदा मिठाच्या पुड्या शेअर बाजारात नेऊन विकल्या.

अवंतिकाबाई गोखल्यांबद्दल थोडं जास्त लिहिते, कारण त्या आपल्या मराठी पुस्तकांतूनही हळूहळू गळत चालल्या आहेत. लहानपणी लग्न झालं तेव्हा अक्षरओळख नव्हती, ती नवऱ्याने, बबनराव गोखल्यांनी करून दिली. पुढे परिचारिकेचं शिक्षण घेतलं. १९१७ मध्ये गांधीजींनी चंपारणात शाळा काढायला माणसं बोलावली, तेव्हा हे जोडपं मुंबई सोडून बिहारच्या खेड्यात जाऊन राहिलं. १९१८ मध्ये त्यांनी गांधीजींचं मराठी चरित्र लिहिलं, त्याला प्रस्तावना लोकमान्य टिळकांची. त्याच वर्षी मुंबईत ‘हिंद महिला समाज’ काढला. सूतकताई, वाचन, शिवण, रुग्णसेवा अशी साधी कामं. आज कुणी म्हणेल महिला मंडळ. म्हणू दे. १९३० साली बायका रस्त्यावर आल्या त्या एका रात्रीत आल्या नाहीत. बारा वर्षं दुपारच्या वेळी टकळी घेऊन एकत्र बसणाऱ्या बायका एकमेकींना नावाने ओळखत होत्या. कुणाची सासू कडक आहे, कुणाचं मूल अंगावर पितंय, कुणाला दुपारी तीनपर्यंतच बाहेर राहता येतं, हे त्यांना माहीत होतं. असल्या माहितीशिवाय शंभर बायका एका वेळी एका ठिकाणी जमत नाहीत. आपल्या हळदीकुंकवाचं आयोजन ज्यांनी केलंय त्यांना हे वेगळं सांगायला नको.

मग आलं वडाळा.

इथे सरकारी मिठाचं आगार होतं. मे महिन्यात त्यावर एकामागून एक चढाया झाल्या. गुजरातेत धारासण्याला सरोजिनीबाई नायडूंच्या नेतृत्वाखाली २१ मेला जे घडलं ते जगभर गाजलं, कारण तिथे एक अमेरिकन पत्रकार हजर होता. वडाळ्याचं नाव मागे पडलं. इथली सर्वांत मोठी चढाई १ जून १९३० ची. पंचांग काढून पाहिलं तर तो रविवार निघतो. कारकुनांना, गिरणीवाल्यांना, दुकानातल्या नोकरांना सुटी. सुमारे १५,००० लोक जमले, अशी काँग्रेसच्या इतिहासात नोंद आहे. पोर्ट ट्रस्टच्या रेल्वे फाटकाशी पोलिसांनी कडं केलं होतं. एकेक तुकडी येऊन तिथे अडत होती आणि मागून गर्दी वाढत होती. शेवटी लोकांनी कडं फोडलं आणि चिखलातून, दलदलीतून धावत ते मिठाच्या वाफ्यांवर गेले. त्या नोंदीत एक वाक्यांश आहे, की या धावणाऱ्यांत स्त्रिया आणि मुलंही होती.

झालं. तेवढंच. नाव नाही, गाव नाही, किती होत्या तेही नाही. पहिल्यांदा ते वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून बसले. ‘स्त्रिया आणि मुलंही’ यातली एक माझ्या घरात अकरा वर्षं माझ्यासाठी भाकरी थापत होती. वय तेव्हा अठरा असेल. ती फाटकाशी अडली, धावली, एक पाय चिखलात रुतला आणि वर आला तो अनवाणी. यातलं वहाणेपुरतं मला माहीत आहे. बाकीचं मी जुळवतेय, आणि इतिहासाच्या शिक्षिकेने असं जुळवू नये हेही मला कळतं.

मिठानंतर बायकांचं मोठं काम म्हणजे पिकेटिंग. तेव्हाच्या मराठीत त्याला निरोधन म्हणत. मुंबईत १९३० मध्ये ‘देशसेविका संघ’ उभा राहिला. दादाभाई नौरोजींची नात पेरिनबेन कॅप्टन, हंसाबेन मेहता, लीलावती मुन्शी, अवंतिकाबाई या त्यातल्या ठळक. केशरी साड्या नेसलेल्या सेविका मूळजी जेठा मार्केटसारख्या कापडबाजारात दुकानांपुढे उभ्या राहायच्या, गिऱ्हाइकाला हात जोडून विनवायच्या. कित्येक व्यापाऱ्यांनी परदेशी मालाचे गठ्ठे सील करून ठेवले. पुरुष पुढारी एकामागून एक पकडले जात तसं काँग्रेसचं काम पुढच्याच्या हाती जाई, आणि त्या रांगेत पेरिनबेन, हंसाबेन यांचेही नंबर लागले आणि त्याही तुरुंगात गेल्या. १२ डिसेंबरला काळबादेवीत परदेशी कापडाच्या ट्रकखाली बाबू गेनू गेला. ते नाव मात्र शाळेतल्या प्रत्येक पोराला पाठ असतं.

एक गोष्ट सांगायलाच हवी. या संघात शिकल्यासवरल्या, ‘चांगल्या घरच्या’ बायकांचाच भरणा होता आणि तो तसा राहावा असं काहींना वाटतही होतं. गिरणगावातल्या बायका १९२८च्या संपापासून रस्त्यावर होत्या. त्यांची गणना देशसेविकांत झाली नाही. गिरणीचा संप म्हणजे पोटाचा प्रश्न आणि कापडाचा बहिष्कार म्हणजे देशाचा, अशी वाटणी कुणी केली कोण जाणे. मला ती कधीच पटली नाही.

आत्याबाई देशसेविका नव्हत्या. केशरी साडी घ्यायला पैसे नव्हते आणि सासूबाईंनी नेसूही दिली नसती. त्यांचं काम पहाटेचं. चाळीत पाणी साडेचारला यायचं. नळावर बायका जमायच्या, हंडा लावायचा आणि नंबर येईपर्यंत वाडीवाडीतून फिरणाऱ्या प्रभातफेरीत मिसळायचं. गाणं म्हणत एक चक्कर मारून परत येईपर्यंत हंडा भरलेला असायचा. पुरुष उठायच्या आत दोन्ही कामं झालेली. काँग्रेसचं बुलेटिन तेव्हा चोरून छापलं जायचं. ते त्यांच्याकडे तांदळाच्या डब्यात असे. झडती घेणारा शिपाई कपाट उघडतो, ट्रंक उपसतो, गादी उलटी करतो. तांदळाच्या डब्यात कोपरापर्यंत हात घालत नाही. “घालेल कसा,” आत्याबाई म्हणायच्या, “त्याच्या घरी तरी त्याने कधी घातलाय?”

त्यांचे यजमान, आम्ही त्यांना आबा म्हणायचो, १९३२ मध्ये पकडले गेले. विसापूरच्या तुरुंगात आठ महिने काढले. ते आठ महिने आत्याबाईंनी पापड लाटून, लोकांचे मसाले कुटून घर चालवलं. भाडं थकलं नाही. घरात सासू, एक दीर आणि दोन वर्षांचं मूल. दर महिन्याला आबांना पत्र जायचं, त्यात सगळं ठीक आहे असं लिहिलेलं असायचं. आबा सुटून आले तेव्हा चाळीने त्यांना हार घातले. हार आत्याबाईंनीच गुंफले होते.

आता १९४२. ही हकीकत जरा सविस्तर सांगते, कारण आपण सोसायटीत राहणारी माणसं आहोत आणि ती सगळी इमारतींतच घडते.

८ ऑगस्टच्या रात्री गवालिया टँकवर ‘छोडो भारत’चा ठराव झाला. पहाटे सगळे नेते पकडले. ९ तारखेला त्याच मैदानावर अरुणा असफ अलींनी झेंडा फडकवला. त्याच संध्याकाळी शिवाजी पार्कच्या सभेत बोलायला निघालेल्या कस्तुरबांना अटक झाली आणि आगाखान पॅलेसमधून त्या जिवंत परत आल्या नाहीत. वर्तमानपत्रांवर बंधनं आली. बातमी कळायची तर कशी? उषा मेहता नावाची बावीस वर्षांची विद्यार्थिनी आणि तिच्या सोबत्यांनी गुप्त रेडिओ काढायचं ठरवलं. विठ्ठलदास खाकर ऊर्फ बाबूभाई, विठ्ठलदास झवेरी, चंद्रकांत झवेरी हे तिचे सोबती, आणि यंत्रसामग्रीला शिकागो रेडिओचे नानक मोटवानी यांची मदत. उषाबेनचे वडील सरकारी न्यायखात्यात न्यायाधीश होते. २७ ऑगस्टला ४२.३४ मीटरवर काँग्रेस रेडिओ बोलू लागला. ठिकाण सांगायचं ते एवढंच, की हिंदुस्थानात कुठे तरी.

ते ‘कुठे तरी’ म्हणजे भाड्याच्या खोल्या. पहिल्यांदा चौपाटीवरच्या ‘सी व्ह्यू’ इमारतीत सर्वांत वरचा मजला. मग लॅबर्नम रोडवर ‘अजित व्हिला’, सँडहर्स्ट रोडवर ‘लक्ष्मी भुवन’, गिरगावात पारेख वाडी आणि शेवटी महालक्ष्मी देवळाजवळचा ‘पॅरेडाइज बंगला’. पोलिसांची लहरींचा माग काढणारी गाडी शहरात फिरत होती, त्यामुळे एका जागी फार दिवस राहता येत नसे. यंत्र सोडवायचं, उचलायचं, नव्या जागेत जोडायचं. आपल्याकडे एक फ्रिज वर चढवायचा तर वॉचमनपासून तळमजल्यावरच्या काकांपर्यंत सगळ्यांना कळतं. त्या इमारतींतल्या शेजाऱ्यांना काहीच जाणवलं नसेल? मला नेहमी वाटतं की कुणाला तरी जाणवलं असणार आणि त्या कुणीतरी दार लावून घेतलं असणार. पण याला पुरावा नाही.

या रेडिओवरून जमशेदपूरच्या संपाची बातमी गेली. चिमूर-आष्टीचीही गेली. विदर्भातल्या चिमूरला १६ ऑगस्टला, नागपंचमीच्या दिवशी, लोकांनी उठाव केला. नंतर आलेल्या लष्कराने आणि पोलिसांनी गावातल्या बायकांवर अत्याचार केले. सरकारला ते दडपून टाकायचं होतं. चौकशी व्हावी म्हणून प्राध्यापक भन्साळींनी पुढे त्रेसष्ट दिवस उपोषण केलं. उपोषण करणाऱ्याचं नाव आपल्याला माहीत आहे, रेडिओवरून सांगणारीचंही माहीत आहे. पण मुळात ती बातमी बाहेर आली ती चिमूरच्या बायकांनी तोंड उघडलं म्हणून. त्या काळात, त्या गावात, नवऱ्यासमोर, सासऱ्यासमोर, चौकशीला आलेल्या परक्या माणसांसमोर ‘माझ्यावर हे झालं’ असं म्हणणं याला काय म्हणायचं ते मला सुचत नाही. लढाई म्हटलं तरी तो शब्द कमीच पडतो.

१२ नोव्हेंबरला बाबूभाईंच्या कचेरीवर धाड पडली. उषाबेन तिथेच होत्या, कागद घेऊन निसटल्या. आता आज प्रक्षेपण करू नये असं कुणीही म्हणेल. त्या आणि चंद्रकांत झवेरी पॅरेडाइज बंगल्यात गेले आणि ठरल्या वेळेला रेडिओ सुरू केला. त्यांच्याच तंत्रज्ञाने पोलिसांना जागा दाखवली होती. दारं फोडून पोलीस आत आले तेव्हा ‘वंदे मातरम्’ची तबकडी वाजत होती. बंद करा म्हटल्यावर त्यांनी ती बंद केली नाही. बाबूभाईंना पाच वर्षं, उषाबेनना चार, चंद्रकांतना एक. उषाबेन १९४६ मध्ये येरवड्याहून सुटल्या, पुढे विल्सन कॉलेजात राज्यशास्त्र शिकवत राहिल्या, आणि २००० सालच्या ऑगस्टमध्ये गेल्या. म्हणजे आपण इथे राहायला आलो तेव्हा त्या हयात होत्या. बस पकडून गावदेवीला गेले असते तर मणिभवनात भेटल्याही असत्या. तेव्हा मी सोसायटीच्या टँकरच्या रांगेत होते.

पारेख वाडी आत्याबाईंच्या चाळीपासून पाच मिनिटांवर. त्यांच्या घरी रेडिओ नव्हता. समोरच्या बिऱ्हाडात होता, तिथे आवाज अगदी बारीक करून, दाराला कडी लावून सगळे ऐकायचे. बायका दाराशी भाजी निवडत बसायच्या, जिन्यावर पाऊल वाजलं की खाकरायचं. आवाज कुठून येतो यावर पैजा लागायच्या. कुणी नाशिक म्हणे, कुणी बडोदा. तो मागच्या गल्लीतूनही येत होता, हे मी एका पुस्तकात वाचून आत्याबाईंना सांगितलं. बहुधा १९८५ असेल. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “मेलं, सांगितलं असतं तर डबा तरी पोचवला असता.”

सातारा-सांगलीकडच्या मंडळींनी रागावू नये म्हणून एक त्यांच्याकडची. क्रांतिसिंह नाना पाटलांच्या कन्या हौसाबाई पाटील. प्रतिसरकारच्या दिवसांत भवानीनगरच्या पोलीस चौकीसमोर त्यांनी नवरा-बायकोच्या भांडणाचं सोंग केलं. सहकारी नवरा झाला आणि त्यांना मारू लागला. बाई मार खातेय म्हणून पोलीस बाहेर आले आणि तेवढ्यात बाकीच्यांनी आतल्या बंदुका पळवल्या. त्या सहकाऱ्याने जरा जास्तच खरं मारलं, अशी तक्रार हौसाबाई म्हातारपणीसुद्धा करत. २०२१ मध्ये त्या वारल्या. या प्रसंगात गंमत आहे, पण मला हसू पूर्ण येत नाही. बायकोला भर रस्त्यात मारणारा नवरा हे इतकं रोजचं दृश्य, की पोलिसांनाही त्यात सोंग दिसलं नाही.

आणि गोव्याची चार कुटुंबं आपल्याकडे आहेत, त्यांच्यासाठी : गोवा मुक्त व्हायचा होता तेव्हा लिबिया लोबो आणि वामन सरदेसाई यांनी २५ नोव्हेंबर १९५५ पासून जंगलातून गुप्त रेडिओ चालवला. जवळजवळ सहा वर्षं. १९ डिसेंबर १९६१ ला मुक्तीची घोषणा त्यांनी विमानातून, ध्वनिक्षेपक लावून केली. जंगलातला पाऊस ज्यांनी पाहिलाय त्यांनी त्या सहा वर्षांतले पावसाळे मोजावेत.

१९७२ मध्ये स्वातंत्र्याला पंचवीस वर्षं झाली. स्वातंत्र्यसैनिकांना ताम्रपट मिळाले आणि केंद्र सरकारची पेन्शन सुरू झाली. त्यासाठी किमान सहा महिने कैद, किंवा भूमिगत असल्याचा कागदोपत्री पुरावा हवा होता. बायकांसाठी पुढे ती अट तीन महिन्यांवर आली. आबांचे आठ महिने होते. त्यांना ताम्रपट मिळाला, तो दर्शनी भिंतीवर लागला. आत्याबाईंना एकदाच पकडलं होतं, पिकेटिंगच्या वेळी. दिवसभर चौकीत बसवून रात्री सोडून दिलं. त्याची नोंद असलीच तर ती सापडणार कुठे? मुलाने अर्जाचा विषय काढला तेव्हा त्या म्हणाल्या, “लिहू काय त्यात? तांदळाचा डबा?” आणि दसऱ्याला चिंच लावून तो ताम्रपट लख्ख करायचं काम शेवटपर्यंत त्यांच्याचकडे राहिलं.

अट करणाऱ्यांना मी दोष देत नाही. सरकारी पैसा वाटायचा तर मोजमाप हवंच, आणि तुरुंगाचे दिवस मोजता येतात. पण मोजमाप पेन्शनसाठी ठरवलं आणि इतिहासही आपण त्यानेच लिहीत गेलो. गच्चीवरचं मीठ, नळावरची फेरी, जिन्यावरचं खाकरणं, आठ महिन्यांचं न थकलेलं भाडं, यांना हजेरीपट नव्हता. याच स्मरणिकेत पुढे गेल्या पंचवीस वर्षांच्या कार्यकारिणींची यादी छापली आहे, ती वाचा. पहिल्या दोन वर्षांत बिल्डरकडे आणि पाण्यासाठी ज्या सहा जणी रोज खेटे घालत होत्या, त्यांतली एकही त्यात नाही. शेअर सर्टिफिकेट नवऱ्यांच्या नावावर होतं, सभासद तेच. ही तक्रार नाही. मीही त्या सहांतली एक होते आणि यादी तपासायला माझ्याकडेच आली होती. मी फक्त शुद्धलेखन बघून परत दिली.

आत्याबाईंच्या बाबतीतही मी हेच केलं. १९८० नंतर घरात टेपरेकॉर्डर होता. त्यावर मुलीची बोबडी गाणी टेप केलेली आहेत. मागे आत्याबाईंचा आवाज येतो, “दूध उतू जातंय गं.” त्यांच्या आवाजाची माझ्याकडे एवढीच नोंद आहे. त्या बोलायच्या तेव्हा माझ्या मांडीवर सहामाहीचे पेपर असायचे आणि त्यांत बहुधा मीठाच्या सत्याग्रहाची कारणं लिहिलेली असायची.

१ जून १९३० ला त्यांच्यासोबत चाळीतल्या आणखी कोण होत्या, कुणाच्या सांगण्यावरून निघाल्या, दोन महिन्यांच्या बाळाला कुणाकडे ठेवलं, अनवाणी पायाने गिरगावपर्यंत परत कशा आल्या, सासूबाईंना काय सांगितलं, यातलं एकही उत्तर आता मिळायचं नाही. त्या वहाणेचा जोड मात्र त्यांनी ठेवला होता, असं आमचे हे सांगतात. लहानपणी यांनी माळ्यावर पाहिला होता. चाळ पाडली त्या वर्षी सामान हलवताना तो गेला.

आपल्या तीन विंगमध्ये ऐंशी बिऱ्हाडं आहेत. बरीच गिरगाव, दादर, परळ, लालबाग इथून आलेली, काही कोकणातली, काही घाटावरची. कुणाच्या घरी आजी, पणजी, आत्या, मावशी यांच्याबद्दल असं काही बोललं जात असेल, जुनं पत्र असेल, फोटो असेल, नुसतं एखादं वाक्य असेल, तर मला येऊन सांगा. नव्वदीपुढच्या तीन आज्या सध्या आपल्यात आहेत. त्यांच्याकडे मीच येईन, दुपारची झोप झाल्यावर. माझं घर बी विंगला दुसऱ्या मजल्यावर आहे. संध्याकाळी पाचनंतर मी असते, आणि नातवाने मोबाइलवर आवाज टेप करायला शिकवलं आहे.